भाऊजींचा मेनू

ऑफिसात त्याला सगळे मेनूवाला म्हणत. नवा माणूस नोकरीला लागला की पहिल्याच आठवड्यात विचारणार, "काय हो, आज मेनूत काय?" आणि हाही तोंड वाकडं न करता सांगणार, "तुमच्या वाट्याला जे आलंय ते." उत्तर चेष्टेचं होतं, पण त्यात खोटं काही नव्हतं.

कंपनी लिफ्टची देखभाल करणारी. शहरभरच्या इमारतींतल्या लिफ्ट तपासायच्या, दुरुस्त करायच्या, मध्येच अडकलेल्यांना बाहेर काढायचं. तिचं स्वतःचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. सगळे धापा टाकत जिना चढायचे आणि वर आल्यावर दुसऱ्यांच्या लिफ्टची काळजी करायचे. कुठली लिफ्ट कधी तपासली, कुणी तपासली, तिचं काय बदललं, ही सगळी माहिती एका डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये असे. त्यात कुणाला काय दिसावं आणि काय दिसू नये, ते मेनूवाल्याच्या हातात. म्हणजे ठरवणारे वरचे, करणारा हा. त्याच्या स्क्रीनवर एक खिडकी उघडायची. डावीकडे सॉफ्टवेअरला येत असलेली झाडून सगळी कामं, उजवीकडे एकेका माणसाचा मेनू. डावीकडचं काम ओढून उजवीकडे टाकलं की त्या माणसाला ते करता येई. उजवीकडून काढून टाकलं की दुसऱ्या दिवशी ते त्याच्या नजरेलाही पडत नसे.

मेनूवरून माणसं ओळखायची त्याला सवयच लागली होती. तक्रारींचे फोन घेणाऱ्या बाईंना 'नवी तक्रार' सगळ्यात वर हवी, कारण पलीकडे कुणीतरी अडकलेलं असतं आणि ओरडत असतं. अकाउंटवाल्याला दर दोन ओळींखाली आडवी रेघ हवी, नाहीतर त्याला गुदमरल्यासारखं होई. स्टोअरकीपरला सगळंच हवं. लागत नाही तेही हवं, केवळ दुसऱ्याकडे आहे म्हणून.

भाऊजींचा मेनू मात्र त्याने कधी बदललाच नव्हता. भाऊजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान, कंपनीच्या तपासणी विभागाचे प्रमुख. याला इथे चिकटवलं तेही त्यांनीच. आई-वडील गेले तेव्हा हा शाळेत होता. ताईचं लग्न झालं आणि तिच्या मागोमाग हाही त्यांच्या घरात आला. "बायकोवर मेव्हणा फुकट मिळाला," असं भाऊजी येईल-जाईल त्याला सांगत. त्यांनी याला सायकल शिकवली, दाढी करायला शिकवलं, गणितात गचकला तेव्हा ताईपासून लपवलं. आता हा दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहत होता, पण संध्याकाळचं जेवण ताईकडेच. घरात त्याचं नाव अजून बारक्या.

भाऊजींच्या मेनूत सात ओळी होत्या, प्रत्येकीपुढे नंबर. नंबराचं बटण दाबलं की काम होई, माऊसला हात लावायला नको. भाऊजी स्क्रीनकडे बघतच नसत. डोळे हातातल्या तपासणीच्या कागदावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोटं आपली आपण चालत. एक म्हणजे लिफ्ट शोधा. चार म्हणजे लिफ्ट बंद ठेवा. पाच म्हणजे तपासणी पूर्ण, वापरायला हरकत नाही. मग 'खात्री आहे?' असा प्रश्न येई, त्यावर एंटर. तो प्रश्न मेनूवाल्यानेच घातला होता आणि सगळ्या कामांना तोच ठेवला होता, कारण प्रत्येक कामाला वेगळा लिहायचा त्याला कंटाळा आला होता.

चार नंबर भाऊजी सढळ हाताने वापरत. दोराचा एखादा पदर सुटलेला दिसला, चार नंबर. ब्रेकचा आवाज आवडला नाही, चार नंबर. मग कंपनीची माणसं जाऊन त्या लिफ्टच्या मुख्य बटणाला कुलूप घालत, आणि दुरुस्ती होईपर्यंत इमारतीतले लोक जिने चढत आणि चढता चढता भाऊजींचा उद्धार करत. भाऊजींना त्याचं काही नव्हतं. "शिव्या द्यायला माणूस धडधाकट असावा लागतो," ते म्हणत. "देऊ देत."

मग नवे साहेब आले आणि त्यांच्या डोळ्यांत चार नंबर खुपायला लागला. लिफ्ट बंद राहिली की ग्राहक चिडतो, चिडला की दुसऱ्या कंपनीकडे जातो. भाऊजींना सरळ काढावं तर कारण काय देणार? इतक्या वर्षांत त्यांनी तपासलेल्या लिफ्टमध्ये कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. साहेब आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी मेनूवाल्याला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, कॉफी मागवली.

"सगळ्यांचे मेनू जरा सुटसुटीत करू या," ते म्हणाले. "सुरुवात तपासणी विभागापासून. तुझ्या भाऊजींवर बोजा फार आहे. आधी ते 'ग्राहकाला पत्र' काढ. मग थोड्या दिवसांनी 'वार्षिक गोषवारा'. एकदम नको, माणसं बिथरतात. आणि त्यांनी विचारलं तर बदल केला असं सांगू नकोस हं. पहिल्यापासून असंच होतं म्हण. बदल म्हटलं की लोक कुरकुरतात, पहिल्यापासून म्हटलं की गप्प बसतात."

मेनूवाल्याला हे खटकलं. खटकलं नाही असं म्हणायची सोय नाही. पण इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये त्याला खुर्ची मिळाली ती आज, आणि वर कॉफी. "पुढे सॉफ्टवेअरचा सगळा विभाग तुझ्याकडे द्यायचं माझ्या डोक्यात आहे," साहेब म्हणाले आणि हा मान डोलावून बाहेर आला. भाऊजींचंच काम हलकं होतंय, त्यांनाच बरं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. स्वतःला गंडवायला फारशी हुशारी लागत नाही. याच्याकडे होती तेवढी पुरली.

सातवी ओळ गेली त्याला दोन-चार दिवस झाले असतील. भाऊजी हातात कागद घेऊन त्याच्या टेबलाशी आले.

"बारक्या, ग्राहकाला पत्र कुठे गेलं रे? माझ्याकडे शेवटचं होतं ना?"

"नाही हो. ते स्टोअरच्या मेनूत असतं. तुमच्याकडे कधी नव्हतंच."

"नव्हतं?" भाऊजी हसले. "मग इतकी वर्षं मी पत्रं काय कबुतराच्या पायाला बांधून पाठवली?"

"स्टोअरमध्ये सांगत असाल."

"असेल बाबा," म्हणून ते गेले. दारापर्यंत जाऊन एकदा वळून बघितलं, स्वतःशीच मान हलवली आणि गेले.

सहावी ओळ गेल्यावर ते पुन्हा आले तेव्हा हसले नाहीत. आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं. खुर्चीची पाठ धरून वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "वार्षिक गोषवारा मी कुठून काढायचो रे?"

मेनूवाल्याची जीभ जरा अडखळली. पण एकदा थाप मारली की दुसरी सोपी जाते. "तुम्ही माझ्याकडून मागवायचात, भाऊजी. दर वर्षी."

"दर वर्षी," भाऊजी म्हणाले. "बरं झालं सांगितलंस. मी विचारलं म्हणून कुणाला बोलू नकोस हं. तुझ्या ताईला तर नकोच."

तेव्हा मात्र ते कशाला घाबरलेत ते मेनूवाल्याला कळलं. भाऊजींच्या वडिलांचं त्याला ठाऊक होतं; तो तेव्हा त्याच घरात होता. म्हातारा घड्याळं दुरुस्त करणारा, हाताला कंप नाही असा माणूस. शेवटच्या वर्षांत सगळं विसरला. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. रोज सकाळी पोटच्या मुलाला विचारायचा, "आपण कोण? कुणाकडे आलात?" भाऊजी त्याला आंघोळ घालायचे, भरवायचे, आणि रोज सकाळी न कंटाळता आपली ओळख करून द्यायचे. एकदा म्हाताऱ्याने त्यांना चोर समजून घराबाहेर काढलं आणि आतून कडी घातली. भाऊजी भर दुपारी पायरीवर बसून राहिले होते. त्या दिवशी त्यांनी ताईला सांगितलं होतं, "मला मरायची भीती नाही. याची आहे."

हे सगळं आठवत असूनही मेनूवाला गप्प बसला. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. आणि साहेबांचं तिसरं फर्मान आलं: "आता लिफ्ट बंद ठेवायचा निर्णय मी घेत जाईन. ती ओळ त्यांच्या मेनूतून काढ. मी त्यांच्याशी बोलेन."

साहेब बोलले नाहीत. मेनूवाल्यानेही विचारलं नाही, बोललात का म्हणून. त्या संध्याकाळी त्याला बूट घ्यायचे होते. दुकानात सवलतीचा शेवटचा दिवस होता आणि दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. त्याने खिडकी उघडली, भाऊजींच्या मेनूतून 'लिफ्ट बंद ठेवा' उचललं, बाहेर टाकलं, सेव्ह केलं आणि पळाला. खिडकीच्या तळाशी एक चौकोन होता: 'क्रमांक आपोआप द्या'. त्यात बरोबरची खूण होती. शेवटच्या ओळी काढताना तिने काही बिघडलं नव्हतं. मधली ओळ काढल्यावर मात्र खालची वर सरकली आणि तिला वरचीचा नंबर मिळाला. मेनूवाल्याने ते पाहिलं नाही. बूट मात्र छान मिळाले.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी एका दवाखान्याची लिफ्ट तपासली. ब्रेक झिजला होता. ऑफिसात आले, चष्मा नाकावर घेतला, कागदात बघत चार दाबला, एंटर दाबलं. आणि फोनवाल्या बाईंना सांगून टाकलं, "दवाखान्याची बंद केली हो, फोन आले तर सांगा." दवाखान्याच्या फोनवर मात्र सॉफ्टवेअरने आपणहून निरोप धाडला: तपासणी पूर्ण, वापरायला हरकत नाही. दवाखान्यातल्यांनी लिफ्ट सुरू केली. दुपारी ती घसरली आणि दोन मजल्यांच्या मध्ये जाऊन धाडकन अडकली. आत तिघं होते. एका वयस्क बाईंचं मनगट मोडलं, बाकीचे नुसते घाबरले. थोडक्यात निभावलं, असं सगळे म्हणाले.

साहेबांनी केबिनमध्ये भाऊजींना बोलावलं आणि नोंद दाखवायला मेनूवाल्याला.

"मी बंद केली होती," भाऊजी म्हणाले. "ब्रेक मी स्वतः बघितला, हात लावून बघितला. बंद केली मी ती."

साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. भाऊजींचं लॉगिन, भाऊजींची वेळ, पुढे 'तपासणी पूर्ण'. भाऊजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि परत वाचलं. मग मेव्हण्याकडे बघून लहान मुलासारखं विचारलं, "केली होती ना रे मी?"

"बघतो मी," मेनूवाला म्हणाला. त्या क्षणी त्याला खरंच काही कळलं नव्हतं.

टेबलावर येऊन त्याने भाऊजींचा मेनू उघडला. चार ओळी. चौथी: 'तपासणी पूर्ण'. तळाशी तो चौकोन, त्यात ती खूण. बाजूची बाई काहीतरी विचारत होती ते त्याला ऐकू आलं नाही. तो तडक उठून पुन्हा केबिनमध्ये गेला. भाऊजी तोवर बाहेर पडले होते.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मी तुला नंबर हलवायला सांगितलं होतं का?" त्यांनी विचारलं. "नाही ना? बदल तुझ्या लॉगिनवरून झालाय. आणि हे बघ, आता उकरून काढण्यात कुणाचंच भलं नाही. ते स्वतःहून राजीनामा देतायत. आत्ताच सांगून गेले, डोकं चालत नाही म्हणाले. मी म्हटलं, तब्येतीला जपा. शुक्रवारी सगळ्यांसमोर आपण त्यांना चांगला निरोप देऊ. तू आपलं काम कर, विभागाचं मी बोललोय ते लक्षात आहे."

त्या संध्याकाळी मेनूवाला ताईकडे जेवायला गेला तो पाय ओढतच. भाऊजी जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि ताई पोळीचा घास हातात धरून त्यांना विचारत होती, "काल कोण आलं होतं?"

"शेजारचे. पाण्याच्या टाकीचं बोलायला."

"बरोबर. आणि परवा तुम्ही मला काय आणायला विसरलात?"

भाऊजी विचारात पडले. "काय विसरलो?"

"काही नाही विसरलात," ताई हसत म्हणाली, पण भाऊजींना हसू आलं नाही. ते उठले, दाराला कडी आहे का बघून आले, बसले, आणि पुन्हा उठून बघून आले.

स्वयंपाकघरात भांडी ठेवायला गेल्यावर ताईने भावाचा दंड धरला. "शेवटी यांनी मला सगळं सांगितलं. आज डॉक्टरांकडे जाऊन आलो आम्ही. ते म्हणतात तपासण्या करू, इतक्यात काही सांगता येत नाही. हे रात्र रात्र जागे असतात रे. मला म्हणाले, मी तुला ओळखेनासा झालो तर मला कुठेतरी नेऊन ठेव, घरात ठेवू नकोस." तिचा आवाज फुटला. "तू दिवसभर असतोस तिथे. तुला कधी काही जाणवलं का? खरं सांग. मी ऐकून घेईन."

आता सांगावं, या क्षणी सांगावं. मेनूवाल्याने तोंड उघडलं. "मला नाही जाणवलं काही," तो म्हणाला. हे खरंही होतं, आणि म्हणूनच त्याला स्वतःची जास्त शिसारी आली. ताईने नुसती मान डोलावली आणि नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी त्याने भाऊजींना ऑफिसच्या जिन्यात गाठलं. मधल्या वळणावर ते दम खायला थांबले होते. याने एका दमात सगळं ओकून टाकलं: साहेब, कॉफी, सातवी ओळ, सहावी, चौथी, बूट, तो चौकोन. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गुणाचा आहेस," ते म्हणाले. "ताईने सांगितलं ना तुला, माझी समजूत काढ म्हणून?"

"नाही हो! खरंच सांगतोय. माझ्यामुळे झालं. चला वर, दाखवतो."

"काय दाखवणार? तुला हवं ते तू करून दाखवशील, तुझ्याच तर हातात आहे ते." भाऊजी समजूतदारपणे हसले. "मी पण बाबांना असंच सांगायचो. ते विसरायचे आणि मी म्हणायचो, तुम्ही नाही विसरलात, मीच सांगायचं विसरलो. त्यांना बरं वाटायचं. तू नको करूस हे माझ्यासाठी. स्वतःवर घेऊ नकोस."

त्यांनी कठड्याला धरून पुढची पायरी चढायला सुरुवात केली. मेनूवाला तिथेच उभा राहिला. खोटं बोललो तेव्हा दोन्ही वेळा विश्वास बसला यांचा, आणि आता खरं बोलतोय तर यांना ते लाड वाटतायत. आपल्या शब्दाला आता या माणसापुढे काडीची किंमत नाही, हे त्याला कळून चुकलं. किंमत भाऊजींच्या बोटांनाच होती. तीच खोटं बोलणार नव्हती.

शुक्रवारी मोठ्या खोलीत सगळे जमले. भिंतीवर स्क्रीन, समोर खुर्च्या, टेबलावर फुलांचा गुच्छ. साहेबांनी भाऊजींबद्दल चार शब्द सांगितले, आणि ते इतके चांगले सांगितले की फोनवाल्या बाईंनी डोळे पुसले. भाऊजी मान खाली घालून बसले होते. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण ताईने नवं लावलेलं होतं, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने.

"मला एक दाखवायचंय," मेनूवाला म्हणाला आणि उभा राहिला. त्याने आपला कॉम्प्युटर भिंतीवरच्या स्क्रीनला जोडून ठेवलेला होता आणि नव्या माणसांना शिकवायला सॉफ्टवेअरमध्ये एक खोटीच लिफ्ट असायची, ती भाऊजींच्याच मेनूवर उघडून ठेवली होती. "भाऊजी, जायच्या आधी एक लिफ्ट बंद करून दाखवा. हा घ्या कागद. स्क्रीन तुमच्या पाठीमागे आहे, तिच्याकडे बघू नका. नेहमी करता तसं करा."

"याची काय गरज आहे?" साहेब म्हणाले.

"करू दे की, साहेब," फोनवाल्या बाई म्हणाल्या. "आठवण म्हणून."

भाऊजींना नको होतं ते. ते मेव्हण्याकडे बघत राहिले, जणू हा चारचौघांत त्यांची फजिती करायला निघाला होता. पण नाही म्हणण्याइतकंही त्यांच्यात उरलं नव्हतं. ते कीबोर्डपाशी बसले, चष्मा नाकावर घेतला, कागदात नजर घातली. बोटं चालली. एक. एंटर. चार. एंटर.

"काय केलंत?" मेनूवाल्याने विचारलं.

"बंद केली," भाऊजी म्हणाले.

मग फोनवाल्या बाईंनी भिंतीवरचं मोठ्याने वाचलं, "तपासणी पूर्ण. वापरायला हरकत नाही." त्या स्वतःच दचकल्या. "अहो, पण तुम्ही चारच दाबलात. मी बघत होते तुमच्या हाताकडे. चार म्हणजे बंद, ते तर मला पण माहीत आहे."

मेनूवाल्याने सगळ्यांच्या देखत ती खिडकी उघडली. चौथी ओळ कधी निघाली, कुणाच्या लॉगिनवरून निघाली, ते दाखवलं. सहावी आणि सातवी दाखवली. "या मी काढल्या. साहेबांनी सांगितलं म्हणून काढल्या. यांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, तुमच्याकडे कधी नव्हत्याच. ते खोटं होतं. नंबर सरकले ती चूक माझी एकट्याची. त्या बाईंचं मनगट माझ्यामुळे मोडलं." मग त्याने ओळ जागेवर ठेवली. "आता परत करा, भाऊजी."

एक. एंटर. चार. एंटर. भिंतीवर आलं: लिफ्ट बंद.

"हा तांत्रिक घोटाळा आहे, यावर आपण आत बसून..." साहेब बोलायला लागले, पण अकाउंटवाला आणि स्टोअरकीपर उठून स्क्रीनजवळ गेले होते आणि तारखा वाचत होते. साहेबांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

भाऊजी वळून भिंतीकडे बघत होते. त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले, उलटसुलट करून पाहिले. मग त्यांना हसू फुटलं. आधी बारीक, मग मोठ्याने, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. इतक्या दिवसांत कुणी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि ताईला लावला.

"अगं," ते ओरडलेच, "अगं, मी ठीक आहे! मला काही झालेलं नाही! मी बंद केली होती ती लिफ्ट, बरोबर केली होती. माझं डोकं शाबूत आहे. नाही, नाही, सगळ्यांसमोर सिद्ध झालंय. तपासण्या-बिपासण्या काही नको. अगं रडू नकोस, हे रडायचं आहे का?"

सगळे हसले. मेनूवालाही हसला, छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्याला वाटलं. काय व्हायचं ते होवो, हे तर झालं.

भाऊजी फोन कानाला लावून ऐकत होते. पलीकडून ताई काहीतरी विचारत होती. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं.

"मेनू बदलला होता," ते म्हणाले. "मुद्दाम. मला सांगायचं नाही असं ठरवून." पुन्हा ऐकलं. "हो, विचारलं होतं मी. दोनदा विचारलं होतं."

आणखी थोडा वेळ ते ऐकत राहिले. मग त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर याला सोसलं असतं. त्यांनी फोन त्याच्यापुढे धरला.

"कुणी बदलला म्हणून विचारतेय," ते म्हणाले. "तूच सांग तिला."

मेनूवाल्याने फोन घेतला. ताई रडत होती आणि हसत होती, तिचा आनंद फोनमध्ये मावत नव्हता. "कोण, बारक्या का? अरे, ऐकलंस ना? तूच शोधून काढलंस ना हे? मला वाटलंच होतं! आता नाव सांग मला त्या मेल्याचं. माझ्या माणसाला वेडं ठरवायला निघालेला तो आहे तरी कोण?"

"ताई," तो म्हणाला, "मी."

पलीकडे आवाज थांबला. तो फोन कानाला तसाच धरून उभा राहिला. भाऊजींनी फोन परत मागितला नाही. ते उठले, कागद खिशात घातला आणि त्या दवाखान्याची लिफ्ट पुन्हा तपासायला निघून गेले.